न्यूरेंबर्गचा ख्रिसमस बाजार: आधी काय, नंतर काय आणि नेमकं कुठे चुकतं

न्यूरेंबर्गच्या ख्रिसमस बाजाराहून परतलेल्या मराठी मंडळींच्या तक्रारी ठरलेल्या असतात. गर्दी फार होती, पाय गोठले, शाकाहारी काही मिळालं नाही, आणि सर्वांत वाईट म्हणजे ‘आम्ही पोचलो तेव्हा बाजार उठून गेला होता’. यातली एकही गोष्ट नशिबावर सोडायची गरज नाही. बहुतेकांचं चुकतं ते एकाच ठिकाणी: शनिवारी संध्याकाळी सहाला बाजारात शिरायचं आणि बघणं, खाणं, पिणं, खरेदी सगळं दोन तासांत उरकायचं.

या बाजारात एकाच दिवशी दोनदा जायचं असतं. सकाळी खरेदीला, अंधार पडताना बघायला. मधली दुपार बाजाराबाहेर घालवायची. पुढची सगळी आखणी याच हिशेबाने आहे. ती हाउप्टमार्क्ट या मुख्य चौकातल्या क्रिस्टकिंडल्समार्क्ट या ख्रिसमस बाजारापुरती आहे आणि मुख्यतः जर्मनीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या, डिसेंबरात आई-बाबांना किंवा सासू-सासऱ्यांना बोलावणाऱ्या लोकांसाठी आहे.

1. तारीख: विमानाच्या तिकिटाआधी

नाताळाआधीच्या चार रविवारांना अॅडव्हेंट म्हणतात; बाजार त्यातल्या पहिल्या अॅडव्हेंट रविवारच्या आदल्या शुक्रवारी सुरू होतो आणि 24 डिसेंबरला संपतो. पहिला अॅडव्हेंट काढायची रीत सोपी आहे. 24 डिसेंबरला किंवा त्याच्या लगेच आधी येणारा रविवार हा चौथा अॅडव्हेंट. तिथून तीन रविवार मागे जा, पहिला मिळेल. त्या हिशेबाने 2026 साली बाजार 27 नोव्हेंबरला उघडेल, 2027 साली 26 नोव्हेंबरला.

आपल्याकडच्या सुट्ट्या नाताळात पडतात, म्हणून लोक 25 डिसेंबरच्या आसपासची तिकिटं काढतात. ही सर्वांत महागात पडणारी चूक. 24 तारखेला दुपारीच पाली (कापडी छपराची दुकानं) मिटायला लागतात. 25 आणि 26 या जर्मनीत सार्वजनिक सुट्ट्या. दुकानं बंद, रस्ते ओस. व्हिएन्नात राटहाउससमोरचा (नगरपालिकेसमोरचा) बाजार 26 पर्यंत चालतो आणि बर्लिनचे काही बाजार 31 पर्यंत, त्यामुळे ‘सगळीकडे तसंच असेल’ असा समज होतो. न्यूरेंबर्गला तसं नाही.

आता वार. सोमवार ते गुरुवार उत्तम. शुक्रवार दुपारपर्यंत चालेल. शनिवारशिवाय पर्यायच नसेल तर सकाळी दहाला, म्हणजे बाजार उघडतानाच पोचा आणि दोनपर्यंत बाहेर पडा. संध्याकाळच्या दिव्यांचा मोह त्या दिवशी सोडून द्या.

उद्घाटनाचं वेगळं. शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला फ्राउएनकिर्शे या चर्चच्या सज्जातून क्रिस्टकिंड, म्हणजे सोनेरी वेषातली शहरातली एक तरुणी, बाजार सुरू झाल्याचं जाहीर करते. दर दोन वर्षांनी नवी निवडतात. 2019 साली निवडली गेलेली बेनिग्ना मुन्सी हिचे वडील भारतीय वंशाचे आहेत. सोहळा बघण्यासारखा आहे, पण चौक इतका भरतो की लहान मुलाला खांद्यावर घेतल्याशिवाय काही दिसत नाही आणि मधूनच बाहेर पडता येत नाही. चार वर्षांखालचं मूल किंवा गुडघे दुखणारे आई-बाबा बरोबर असतील तर हा दिवस टाळा. क्रिस्टकिंड नंतरही ठरावीक दिवशी बाजारात येते. त्या वर्षीचं वेळापत्रक बाजाराच्या अधिकृत संकेतस्थळावर असतं.

> तपासा: तुमची तारीख 24 डिसेंबरच्या आधीची आहे का? सोमवार ते गुरुवार आहे का? दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तरच पुढे जा.

2. व्हिसा, मुक्काम, गाडी: याच क्रमाने

भारतातून येणाऱ्यांसाठी शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात अडतं ते अपॉइंटमेंटवर. दिवाळी झाल्यावर बघू म्हणणाऱ्यांच्या हातात नोव्हेंबरचा मध्य येतो आणि बाजार तोंडावर आलेला असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात अर्ज करा. प्रवास विमा किमान 30,000 युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा हवा. मुलाने किंवा मुलीने जर्मनीतून खर्चाची हमी द्यायची असेल तर ते हमीपत्र परदेशी नागरिक कार्यालयातून काढावं लागतं. तिथली वेळ आधी घ्या, भारतातली नंतर. उलट केलंत तर जर्मनीतले कागद भारतात वेळेत पोचत नाहीत.

मुक्काम जुन्या शहरात मिळाला तर उत्तम, पण अॅडव्हेंटच्या शनिवार-रविवारी तिथले दर चढलेले असतात. शेजारचं फ्युर्त शहर न्यूरेंबर्गच्या यू-बानने, म्हणजे मेट्रोच्या यू-1 मार्गाने, जोडलेलं आहे; तिथे राहिलात तर रात्री परतणं सोपं आणि खिशालाही हलकं. एर्लांगेनही चालेल, तिथे मराठी माणूस ओळखीचा निघण्याची शक्यताही बरीच.

म्युनिकहून एका दिवसात जाऊन येणाऱ्यांनी बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्यातल्या साध्या गाड्यांचं एका दिवसाचं तिकीट काढावं. एका तिकिटावर पाच जण जातात, फक्त प्रत्येक माणसामागे थोडे जास्त पैसे पडतात, आणि शहरातली यू-बान, ट्राम, बसही त्यातच येते. पण तीन अटी लोक विसरतात. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं. आयसीई, आयसी या जलद गाड्यांत चालत नाही. आणि तिकिटावर प्रवाशांची नावं हवीत. साडेआठच्या गाडीत बसून दंड भरणारे लोक दरवर्षी असतात.

आयसीईने तास-सव्वा तासात पोचता येतं. मात्र स्वस्तातलं ‘श्पारप्राइस’ तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं. परतीची गाडी संध्याकाळी सहाची काढलीत तर दिवे लागल्यावर लगेच पळावं लागेल. परतीचं आठनंतरचं काढा.

> सावध: पहिल्यांदाच युरोपात येणाऱ्या पाहुण्यांचे आता सीमेवर फोटो घेऊन नोंद केली जाते. फ्रँकफर्टला उतरून दीड तासात पुढचं विमान किंवा बांधलेली गाडी पकडायचा बेत करू नका.

3. कपडे आणि पिशवी

डिसेंबरात तिथे पारा शून्य ते पाच अंशांच्या आसपास घुटमळतो. आकडा फार भीतिदायक नाही. त्रास देते ती दमट हवा आणि दगडी फरशी. बाजारात तुम्ही चालत कमी असता, उभे जास्त राहता. म्हणून थंडी वरून नाही, पायातून चढते.

पैसे खर्च करायचे तर आधी बुटांवर करा. जाड तळव्याचे, पाणी न शिरणारे, आणि आत लोकरी मोजा घातल्यावरही बोटं हलतील इतके सैल. दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाला की रक्त खेळत नाही आणि पाय आणखी गार पडतात. त्यानंतर अंगाला चिकटून थर्मल, वर लोकरी स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. जीन्सच्या आत थर्मल नसेल तर जीन्स निरुपयोगी. पुण्याच्या थंडीसाठी घेतलेली शाल आईने आणली असेल तर ती जाकिटाच्या आत मानेभोवती गुंडाळायला सांगा, वरून नाही. कान झाकणारी टोपी सगळ्यांना.

पिशवीत काय: रोख रक्कम (पाच, दहा, वीसच्या नोटा आणि मूठभर नाणी), कापडी पिशवी, ओले टिश्यू, पॉवर बँक, आणि रिकामा डबा. थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते. फोन आतल्या खिशात ठेवा. नाणी स्वच्छतागृहासाठी लागतात, ती बहुतेक ठिकाणी पैसे देऊन वापरायची असतात. डबा कशाला ते पुढे कळेल.

एटीएममधून पैसे काढताना यंत्र ‘रुपयांत हिशेब करू का?’ असं विचारतं. नाही म्हणा, युरोच निवडा. रुपयांचा दर नेहमी तोट्याचा असतो.

> सावध: फळं कापायची छोटी सुरीही घरी ठेवा. जर्मनीत 2024 पासून अशा सार्वजनिक बाजारांत आणि जत्रांत सुरी बाळगायला बंदी आहे, पातं कितीही लहान असो. प्रवासात सफरचंद आणि सुरी बरोबर ठेवायची सवय असणाऱ्या बाबांच्या खिशाची एकदा चौकशी करा.

4. सकाळ: फेरी आधी, पाकीट नंतर

मोठी बॅग मुख्य स्थानकावरच्या लॉकरमध्ये टाका. बाजारात चाकांची बॅग ओढणारा माणूस सगळ्यांच्या शिव्या खातो. स्थानकाबाहेर पडलात की क्योनिगश्ट्रासे या रस्त्याने सरळ चालत राहा. लोरेन्झकिर्शे हे चर्च लागेल, मग पेग्निट्झ नदीवरचा पूल, आणि समोर हाउप्टमार्क्ट. दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. चालवत नसेल तर यू-1 ने एकच स्थानक: लोरेन्झकिर्शे.

सगळ्या पालींवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड असतं आणि त्या शंभरावर आहेत. त्यामुळे ‘मघाशी ते छान दिव्याचं दुकान होतं ना’ हे वाक्य इथे काहीच उपयोगाचं नाही. पहिली फेरी काहीही न घेता मारा. आवडलेल्या वस्तूचा नाही, तर पालीवरच्या नावाच्या पाटीचा फोटो काढा. दुसऱ्या फेरीत खरेदी.

काय घ्यावं याबद्दल थोडं स्पष्ट. लेबकुखन हा इथला मसाल्याचा केक, आणि त्यात लोक हमखास फसतात. बाजारात लटकणारी, आयसिंगने नावं लिहिलेली मोठी हृदयं शोभेची असतात. खाता येतात, पण दात कामाला लागतात. खायचं असेल तर ‘एलिझेन’ लिहिलेलं घ्या. त्यात बदाम, अक्रोड किंवा हेझलनट किमान 25 टक्के असावे लागतात आणि पीठ 10 टक्क्यांहून जास्त चालत नाही. ‘न्यूर्नबर्गर लेबकुखन’ हे नाव कायद्याने संरक्षित आहे, ते शहराबाहेर बनलेल्या मालावर लावता येत नाही. घरच्यासाठी घेत असाल तर तुटक्या तुकड्यांची पिशवी मिळते का बघा. चव तीच, भाव कमी, आणि भेट द्यायची नसेल तर डब्याच्या चित्राचे पैसे कशाला?

एलिझेनमध्ये अंडं असतं. अंडं न खाणाऱ्या काकूंसाठी भेट म्हणून भाजलेले साखरेचे बदाम घ्या.

सुकवलेल्या आलुबुखाराच्या बाहुल्या दिसतील: आजोबा, बँडवाले, नवरा-नवरी. त्यांना त्स्वेचगेनमेनला म्हणतात. खायच्या नाहीत, ठेवायच्या असतात. सोनेरी पत्र्याचा देवदूत ही या शहराची खरी खूण. हलका असतो, पण बॅगेत चेपतो.

सुट्ट्या वस्तूंना हात लावण्याआधी विक्रेत्याकडे बघा, मान हलली की उचला. घासाघीस करू नका. इथे ती चालत नाही आणि समोरच्याला अपमान वाटतो. कार्ड सगळ्याच पाली घेतात असं नाही, म्हणून विचारूनच पिशवी भरा.

> तपासा: 11:50 झाले का? खरेदी थांबवून फ्राउएनकिर्शेच्या दर्शनी भिंतीकडे तोंड करून उभे राहा. बाराच्या ठोक्यानंतर घड्याळाखालचे सात राजपुत्र सम्राटाभोवती तीन फेऱ्या मारतात. दिवसातून एकदाच.

5. दुपार: बाजाराबाहेर पडा

लोक इथेच बाजारात रेंगाळतात आणि संध्याकाळपर्यंत थकतात. खरेदी लॉकरमध्ये ठेवून या.

मुलं असतील तर जवळच्या हान्स-झाख्स-प्लाट्झवर मुलांचा वेगळा बाजार आहे. कॅरोसेल, छोटी आगगाडी, आणि मुख्य म्हणजे उभं राहायला जागा. राटहाउसप्लाट्झवर न्यूरेंबर्गच्या भगिनी-शहरांच्या पाली लागतात. जगभरातून आलेल्या वस्तू असतात, गर्दी जरा कमी.

पाय चांगले असतील तर सेबाल्ड चर्चवरून चढत कैसरबुर्ग किल्ल्यावर जा. चढ थोडाच आहे पण दगडी आणि ओला असतो. सूर्य सव्वाचारच्या सुमाराला मावळतो, म्हणून साडेतीनला वर असा. आई-बाबांना वर नेण्याचा हट्ट करू नका. बाजारात बसायला जागा जवळजवळ नाही, सगळी टेबलं उभ्याने खायची, त्यामुळे त्यांची खरी विश्रांती हीच दुपार. कॅफेत गरम चहा घेऊन तासभर बसू द्या, किंवा लोरेन्झकिर्शेत; प्रार्थना चालू नसेल तर पर्यटकांना आत बसता येतं.

6. संध्याकाळ: साडेचार ते सहा

किल्ल्यावरून उतरून साडेचारला पुन्हा हाउप्टमार्क्टवर या. आकाशात निळा उजेड उरलेला असतो आणि दिवे लागलेले असतात. फोटोंसाठी हीच वीस-पंचवीस मिनिटं. त्यानंतर आकाश काळं होतं आणि फोनचा कॅमेरा दिव्यांचे नुसते डाग टिपतो. सहानंतर ऑफिसातून सुटलेले लोक येतात आणि गल्ल्या तुंबतात.

आत शिरण्याआधी भेटायची जागा ठरवा. सगळे जण चौकातल्या सोनेरी कारंज्यापाशी ठरवतात, म्हणूनच तिथे ठरवू नका. सेबाल्ड चर्चचं दार बरं. गर्दीत फोन लागेलच असं नाही. मुलाच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, पाठीवरची सॅक पुढे घ्या. बाबागाडी आणलीच असेल तर पाचच्या आत बाहेर पडा.

7. खाणं: विचारून, आणि रांगेत लागण्याआधी

मांसाहारींचं सोपं आहे. ‘ड्राय इम वेक्ला’ म्हणजे पावात तीन बोटाएवढी सॉसेजेस. न्यूरेंबर्गची सॉसेज सात ते नऊ सेंटिमीटरचीच असते, आणि ती डुकराच्या मांसाची असते हे लक्षात ठेवा.

शाकाहारींनी उपाशी राहायचं कारण नाही, पण रूप बघून विश्वास ठेवू नका. बटाट्याच्या किसाचं थालीपीठच म्हणावं असं कार्टोफेलपुफर मिळतं. इथे त्याला बागर्सही म्हणतात. त्यात बऱ्याचदा अंडं असतं. सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर देतात. तिखटाची सवय असेल तर लसणीचं सॉस आहे का विचारा. केझश्पेत्सल म्हणजे चीजमधल्या शेवया, त्यातही अंडं, आणि वर कधी बेकनचे तुकडे. फ्लामकुखन हा पातळ पिझ्झासारखा दिसतो, पण मूळ प्रकारात बेकन असतं. तळलेल्या गोड गोळ्यांसाठी काही जण चरबी वापरतात. भाजलेले चेस्टनट आणि साखरेचे बदाम बिनधास्त.

तीन वाक्यं पाठ करा, पुरतात:

- ‘इस्ट दा फ्लाइश द्रिन?’: यात मांस आहे का?
- ‘ओने श्पेक, बिटं’: बेकन नको, कृपया.
- ‘इस्ट दा आय द्रिन?’: यात अंडं आहे का?

‘फ्लाइश’ नाही म्हणजे बेकन नाही, असं समजू नका. काहींच्या लेखी बेकन म्हणजे चवीपुरतं काहीतरी. दोन्ही विचारा. जैन किंवा उपवास करणाऱ्यांनी दुपारचं जेवण बाहेरच उरकावं आणि इथे बदामांवर भागवावं.

तो रिकामा डबा आता काढा. अर्धं उरलेलं कार्टोफेलपुफर कागदी ताटलीत घेऊन गर्दीतून चालणं म्हणजे कुणाच्या तरी कोटाला तेल लावणं.

8. ग्लूवाइन: अनामत आणि ‘शुस’

पेय सर्वांत शेवटी. आधी प्यायलात तर खरेदीचं भान राहत नाही आणि स्वच्छतागृहाच्या रांगा वाढतात.

ग्लूवाइन म्हणजे मसाले घातलेली गरम वाइन. ती मातीच्या किंवा चिनीमातीच्या मगात येते. पाटीवरच्या भावावर मगाची अनामत वेगळी लागते, तिला ‘प्फांड’ म्हणतात. त्यामुळे चारचं पेय सात-आठचं झालं की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. फसवत कोणी नाही. मग परत केला की पैसे मिळतात. कुठे मगाबरोबर टोकनही देतात, ते सांभाळा. मग घेतला त्याच पालीवर परत करा. ठेवायचा असेल तर अनामत सोडून द्या, चोरी होत नाही. पण चिरलेला मग कोणी परत घेत नाही, म्हणून हातात घेतानाच कडा बघा.

न्यूरेंबर्गला ब्लूबेरीचं ग्लूवाइन खास मिळतं. ते घ्या, साधं लाल कुठेही मिळेल. ‘मिट शुस’ म्हटलं की त्यात रम किंवा तत्सम काही ओततात. गोड आणि गरम असल्यामुळे चढतं ते उशिरा कळतं. मुलांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी ‘किंडरपुन्श’ हे बिनदारूचं गरम पेय. मागताना नाव नीट उच्चारा आणि मग मुलाच्या हाती देण्याआधी एक घोट स्वतः घ्या, कारण दोन्ही पेयांचे मग सारखेच दिसतात.

> सावध: गाडी चालवत परत जाणाऱ्याने किंडरपुन्शच प्यावं. ‘एकच घेतला’ हा हिशेब रात्रीच्या ओल्या महामार्गावर करू नका.

9. परतीची बॅग

काचेचे गोळे मोज्यांत घालून डब्यात, डबा केबिन बॅगेत. बर्फ पडणारा काचेचा गोल मात्र केबिनमध्ये नेऊ नका. त्यात पाणी असतं आणि शंभर मिलिलिटरहून जास्त असेल तर सुरक्षा तपासणीत तो काढून घेऊ शकतात. विमानतळावर रडणारं मूल बऱ्याचदा याच कारणाने रडत असतं. तो चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मधोमध. ग्लूवाइनची बाटलीही तिथेच, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. लेबकुखनचे पत्र्याचे डबे चेपतात, म्हणून त्यांच्यावर बूट ठेवू नका. आणि ठेवून घेतलेला ग्लूवाइनचा मग गुंडाळण्याआधी धुवा, नाहीतर बाबांच्या नव्या स्वेटरला घरी पोचेपर्यंत ब्लूबेरीचा डाग पडलेला असतो.